दमण्याचे पैसे

पैसे पोचले का, एवढंच विचारायला मावशीचा फोन होता. पोचले होते. देणगीच्या पानावर स्वतःच्या नावाऐवजी तिनं काकांचं नाव घातलं होतं, त्यामुळे यादी वाचता वाचता ते अचानक समोर आलं तेव्हा मी जरा थबकलेच होते. आभार मानायला लागले तर तिनं मध्येच तोडलं, इकडचं तिकडचं विचारलं, आणि फोन ठेवता ठेवता म्हणाली, "एक सांग गं मला. पैसे तर मी तसेही दिले असते. तू मागितलेस म्हणून दिले, तू सायकल चालवणार म्हणून नाही काही. मग एवढी दमतेस कशाला? तू दमल्यानं तिकडे कुणाचं दुखणं थोडंच कमी होणार आहे?"

टोमणा असता तर सोपं झालं असतं. तिच्या आवाजात नुसती चौकशी होती. आजाऱ्यांच्या घरी जाऊन त्यांचं दुखणं हलकं करणाऱ्या ज्या संस्थेसाठी मी सायकल चालवून पैसे जमवते आहे, तिचीच नर्स काकांच्या शेवटच्या महिन्यांत घरी यायची, औषधांच्या वेळा लिहून द्यायची, दुखू न देता कूस कशी बदलायची ते दाखवायची. दुखणं कशानं कमी होतं हे मावशीला माझ्यापेक्षा पुष्कळ चांगलं माहीत आहे. मी हसण्यावारी नेलं, "व्यायाम होतो गं तेवढाच" असं काहीतरी म्हणाले. तिला ते पटलं की नाही कोण जाणे. मला पटलं नाही.

मोहीम चार दिवसांची, साधारण पाचशे किलोमीटरची. देणगीच्या पानावर एवढंच लिहिलेलं असतं आणि वाचणाऱ्याला ते पुरतं: ही बाई चार दिवस हाल सोसणार, आपण तिच्या पाठीशी उभं राहू. त्या चार दिवसांमागे सरावाचे जे महिने असतात त्यांचा त्या पानावर पत्ता नसतो. मावशीचा प्रश्न घेऊन मी निघाले ते त्याच महिन्यांतल्या एका रविवारी, आणि पुढच्या बऱ्याच राइड्सना तो माझ्याबरोबर येत राहिला. लांबच्या राइडवर डोकं मोकळं होतं म्हणतात. माझं होत नाही. काही अडकलं असेल तर ते तासन्‌तास त्याच्याभोवतीच घुटमळतं, कारण रस्त्याशिवाय बघायला दुसरं काही नसतं आणि फोन पाठीवरच्या खिशात असतो.

खरं तर राइड आदल्या रात्रीच सुरू होते. बाटल्या भरायच्या, दिवे चार्जिंगला लावायचे, जादा ट्यूब, टायर लिव्हर, पंप सगळं पिशवीत आहे ना ते चाचपायचं, आणि कपडे घालायच्या क्रमानं खुर्चीवर रचून ठेवायचे, म्हणजे पहाटे घरातल्यांची झोप न मोडता अंधारात तयार होता येतं. पंपावर हवेचा काटा आहे, तरी टायर अंगठ्यानं दाबून पाहिल्याशिवाय मला निघवत नाही. पहिली दहा-पंधरा मिनिटं अंग नुसतं कुरकुरतं. गुडघे गार, श्वास आखूड, आणि मन म्हणत असतं, आज नकोच. त्या वेळी मनाचं ऐकायचं नसतं. ते दर वेळी तेच म्हणतं. मग कधीतरी, नेमकं कुठे ते सांगता येत नाही, पाय आपापले फिरायला लागतात, चेनची खरखर जाऊन एकसारखी सळसळ उरते, आणि दिव्याच्या उजेडात रस्ता आपणहून पुढे येत राहतो. पहाटेची थंड हवा खोलगट जागी साचून राहिलेली असते. उतारावरून सुसाट खाली आलं की पोटऱ्यांना गारवा झोंबतो, आणि समोरच्या चढावर थोडं वर आलं की पुन्हा ऊब. गाडीच्या काचेआड बसलेल्याला हे कधी कळत नाही. कुठे ओल्या गवताचा वास, कुठे धुराचा, कुठे नुकत्या टाकलेल्या डांबराचा. उजाडायला लागतं तेव्हाही रंग आधी येत नाहीत. आधी कडा येतात, झाडांच्या, छपरांच्या, पुढे चाललेल्या सायकलस्वाराच्या खांद्यांच्या. रंग मागाहून, सावकाश.

सरावाला लागलं की काही आठवड्यांतच कळतं की चढाला उगाच घाबरत होतो. चढ प्रामाणिक असतो. तो दिसतो, संपतो आणि पलीकडे उतार देतो. वारा यातलं काही करत नाही. सपाट, रिकाम्या, गुळगुळीत रस्त्यावर तो समोरून छातीवर हात ठेवून उभा राहतो आणि बघणाऱ्याला वाटतं, ही बाई एवढी हळू का चालली आहे? हवेचा रोध वेगाच्या वर्गानं वाढतो आणि तो कापायला लागणारी ताकद घनानं, म्हणजे शांत हवेत वेग दुप्पट करायचा तर हवेपुरती ताकद आठपट लावायला हवी. हे गणित शाळेत कुणी असं सांगितलं असतं तर मी ते जन्मात विसरले नसते. म्हणून समोरून वारा असला की गिअर उतरवायचा, कोपर वाकवून अंग लहान करायचं आणि वेगाचा आकडा बघायचं सोडून द्यायचं. गटात असलं तर पुढच्याच्या मागच्या चाकाला चिकटून चालायचं. तिथे हवेची सावली मिळते आणि तिसऱ्या हिश्शाच्या आसपास श्रम वाचतात. अर्थात कुणीतरी पुढे असावंच लागतं. ती पाळी आळीपाळीनं घेतात, आणि माणूस कसा आहे हे पाळी संपवायच्या त्याच्या घाईवरून चांगलं कळतं.

पाय दुखत असतील ना, असं सगळे विचारतात. पाय सगळ्यात कमी तक्रार करतात. आधी बोलते ती बसायची जागा, आणि तिच्याबद्दल चारचौघांत बोलता येत नाही. आपण सॅडलवर बसतो ते ढुंगणाच्या मांसावर बसत नाही, ओटीपोटाच्या खालच्या दोन हाडांवर बसतो, आणि त्या दोन हाडांतलं अंतर प्रत्येकाचं वेगळं. बायकांचं बहुधा थोडं जास्त. दुकानात अंगठा रुतेल असं मऊ सॅडल हवंहवंसं वाटतं आणि दोन तासांनी तेच वैरी होतं, कारण हाडं त्यात बुडाली की मधला नाजूक भाग दाबला जातो. पॅडिंगच्या शॉर्ट्सच्या आत काही घालायचं नसतं हे मला एका अनोळखी बाईनं पाण्याच्या नळाशी थांबलेली असताना हळूच सांगितलं. तिचे उपकार मी विसरणार नाही. मग हात. हँडलवर तासन्‌तास भार पडला की तळव्याच्या कडेची नस दाबली जाते आणि करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट मुंग्या येऊन बधिर होतं. पहिल्यांदा हे झालं तेव्हा घरी येऊन मला शर्टाची बटणं काढता येईनात. हँडल थोडं वर घेतलं, वरची टेप दुहेरी केली, दर काही मिनिटांनी पकड बदलायची सवय लावून घेतली, तेव्हा बोटं परत आली. मान, खांदे, तळपाय, एकेकानं आपली हजेरी लावली. शरीराचे जे भाग इतकी वर्षं गप्प होते त्यांची नावं मला या सरावात कळली.

आणि जे बदलतं ते दिसतही नाही. पहिल्या एक-दोन आठवड्यांतच रक्तातलं पाणी वाढतं, म्हणून तोच चढ तेवढी धाप न लागता चढता येतो. स्नायूंत बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं दाट व्हायला मात्र महिने लागतात, आणि ते दाट होतं सावकाश, शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता येईल अशा वेगानं, तास तास चालवून. हे कळायला सोपं आणि पाळायला फार अवघड आहे. रविवारी सकाळी कुणी तरणाबांड सूंऽऽ करत बाजूनं निघून गेला की पायांना खाज सुटते. जाऊ द्यायचं त्याला. हळू चालवण्याचा सराव हा माझ्या मते सगळ्यात कठीण सराव आहे, आणि त्याचे फोटोही चांगले येत नाहीत.

खाण्याचाही सराव करावा लागतो, हे लोकांना विनोद वाटतं. स्नायू आणि यकृत मिळून शरीरात साखरेचा जो साठा असतो तो जेमतेम दोन हजार कॅलरींच्या घरातला. जोरात चालवलं तर दोनेक तासांत तळ दिसायला लागतो. म्हणून भूक लागायची वाट न बघता तासाला तीस ते साठ ग्रॅम कर्बोदकं पोटात जायला हवीत, आणि हलत्या सायकलवर, घामेजल्या हातांनी, इच्छा नसताना खाल्लेलं पचवायला आतड्यांनाही शिकवावं लागतं. खाणं हुकलं की काय होतं ते एका लांबलचक दुपारी मी पाहिलं आहे. पायांच्या आधी मन जातं. रस्त्याच्या कडेची पाटी मी पुन्हा पुन्हा वाचली आणि तिचा अर्थ लागेना. बरोबरचे लोक अकारण उर्मट वाटायला लागले. डोळे पाणावले, आणि त्यात दुःखाचा काडीचा संबंध नव्हता. कुणीतरी हातात केळं आणि खजूर कोंबले, कट्ट्यावर बसवलं, आणि पंधरा-वीस मिनिटांनी वीज परत आल्यावर घरातल्या वस्तू एकेक करून सुरू व्हाव्यात तसं सगळं परत आलं: आवाज, रंग, लोकांचा चांगुलपणा. त्या परतण्यात असा काही आनंद होता की तो सांगायला लाज वाटते. आपण इतके थोड्यावर चालतो. एवढ्याशा साखरेवर आपला सगळा स्वभाव उभा असतो.

म्हणजे मला मजा येते. गोम तिथेच आहे.

देणगीच्या आवाहनात हे वाक्य नाही. तिथे माझा फोटो आहे तो पावसात भिजलेला, चेहरा पिळवटलेला. माझ्याकडे दुसराही एक होता, चढाच्या माथ्यावरचा, त्यात मी वेड्यासारखी हसते आहे. तो लावावा म्हणत होते. मोहिमेतल्या जाणत्या मंडळींनी एकमतानं पावसातला निवडला. "हसणाऱ्या बाईला कोण पैसे देईल?" त्यांचं चुकलं असं म्हणता येणार नाही, कारण या विषयावर अभ्यासही झालेला आहे. क्रिस्टोफर ऑलिव्होला आणि एल्डार शफीर या दोन संशोधकांनी २०१३मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असं दिसलं की चांगल्या कामासाठी पैसे देताना वेदना किंवा कष्ट सोसावे लागणार असतील, तर माणसं जास्त द्यायला तयार होतात. सहलीपेक्षा पळण्याच्या शर्यतीला जास्त. आणि ते काम माणसांच्या दुःखाशी निगडित असेल तर हा परिणाम आणखी ठळक होतो. या परिणामाला त्यांनी हुतात्म्याचं नाव दिलंय. मला ते जरा जड वाटलं, पण फोटो निवडणाऱ्यांना ते आवडलं असतं.

सरावाच्या गटात रँडोनर, म्हणजे ठरलेल्या वेळेत लांबची अंतरं पार करणारे, म्हणवणारी थोडी मंडळी आहेत. त्यांना 'कशाला' हा प्रश्न पडतच नाही. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ३०० वीस तासांत, ४०० सत्तावीस, ६०० चाळीस, अशा त्यांच्या पायऱ्या. या सगळ्याचं मूळपीठ म्हणजे फ्रान्समधली पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस, बाराशे किलोमीटर, वेळ नव्वद तास. १८९१मध्ये ती पहिल्यांदा झाली तेव्हा शर्यत होती, आणि शार्ल तेराँ नावाच्या गड्यानं जवळपास न झोपता सुमारे एकाहत्तर तासांत ती जिंकली होती. आता तिथे बक्षीस नाही. कार्डावर शिक्के मिळतात, वेळेत आलात की झालं. हे लोक रात्री दोन वाजता कुठल्यातरी बंद दुकानाच्या पायरीवर हेल्मेट उशाला घेऊन झोपतात, आणि त्यासाठी कुणाकडे दमडी मागत नाहीत. त्यांच्याकडे बघितलं की मला आपण काहीतरी लपवतो आहोत असं वाटायला लागतं. तेच सुख, तेच रस्ते, तोच वारा. फक्त मी त्यावर कुणाच्या तरी आजाराचं नाव लिहिलेली जर्सी घातली आहे.

मग टेरी फॉक्स आठवतो. त्याची गोष्ट सायकलची नाही, आणि त्याच्याशी तुलना करायची माझी बिशाद नाही. पण हा प्रकार जिथे कुठे चालतो तिथे त्याचं नाव निघतंच. १९७७मध्ये, अठराव्या वर्षी, हाडाच्या कर्करोगानं त्याचा उजवा पाय गेला. १२ एप्रिल १९८० रोजी कृत्रिम पायानिशी तो कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरून पळायला निघाला, जवळजवळ रोज एक मॅरेथॉन. १४३ दिवस आणि ५,३७३ किलोमीटर झाल्यावर थांबला, कारण कर्करोग फुप्फुसांत पोचला होता. पुढच्या जूनमध्ये तो गेला. हे सगळ्यांना माहीत असतं. मला जास्त विचारात पाडतो तो त्याआधीचा काळ. त्या धावेसाठी त्यानं आधी पाच हजार किलोमीटरांहून जास्त सराव केला होता, म्हणजे जेवढं जगानं पाहिलं जवळपास तेवढंच न पाहिलेलं. तेव्हा कॅमेरे नव्हते, रस्त्याच्या कडेला उभी माणसं नव्हती, देणगीचा डबा नव्हता. एक पोरगा घासून रक्ताळणारा पाय घेऊन रोज पळत होता. ते किलोमीटर कुणाच्या खात्यात जमा करायचे? योगायोग असा की त्याच वर्षी अमेरिकेत बिली स्टार यांनी जेमतेम ३६ जणांना घेऊन मॅसॅच्युसेट्समधून सायकली चालवल्या आणि कर्करोगासाठी १०,२०० डॉलर जमवले. ती पॅन-मास चॅलेंज पुढे अवाढव्य झाली. पहिल्या वर्षीच्या त्या छत्तीस जणांना घरी कुणी विचारलं असेलच, की बाबांनो, पैसे गोळा करायला सायकल कशाला हवी?

संस्थेतली एक नर्स आमच्याबरोबर सराव करते. काकांकडे यायची ती नाही, ही तरुण आहे, रात्रपाळी संपवून थेट सायकलवर बसते आणि पहिला तासभर कुणाशी बोलत नाही. एका निवांत, वाहतूक नसलेल्या पट्ट्यात मी तिच्या शेजारी आले आणि मावशीचा प्रश्न तिलाच विचारून टाकला. ती थोडा वेळ नुसतं पॅडल मारत राहिली.

"ताई, औषधाच्या बाटलीवर पैसे कसे आले ते लिहिलेलं नसतं," ती म्हणाली. "वेळेवर आले की झालं. एका गावाला आठवड्यातून दोनदा जाता येतं का एकदा, एवढाच आमचा हिशोब."

मग तुला स्वतःला काय मिळतं, असं विचारल्यावर म्हणाली की कामावरचं दमणं तिला घरी घेऊन जावं लागतं, हे दमणं मात्र आंघोळ केली की जातं. एवढं बोलून ती पुढे निघून गेली. जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज असा आहे की जगात दरवर्षी सुमारे ५ कोटी ६८ लाख लोकांना अशा वेदनाशमनाच्या सेवेची गरज पडते आणि त्यातल्या जेमतेम १४ टक्के लोकांना ती मिळते. मी हा आकडा आवाहनात घातलाय. तो वाचून किती जणांनी पैसे दिले आणि भिजलेला फोटो बघून किती जणांनी, हे शोधायची सोय नाही, आणि असती तरी मी बहुधा बघितलं नसतं.

त्या दोन संशोधकांचा प्रयोग मात्र डोक्यातून जाईना. राइडवर एखादी गोष्ट अशी उलटसुलट होत राहते, तशी तीही झाली. त्यांचा निष्कर्ष दुसऱ्याचा घाम बघून पाकीट काढणाऱ्यांबद्दलचा नव्हताच. स्वतः कष्ट सोसणारा माणूस स्वतः जास्त देतो, असं ते सांगत होते. म्हणजे तो प्रयोग मावशीवर झालेला नव्हता, माझ्यासारख्यांवर झालेला होता. मावशीला सायकलची गरज नाही. ती सरळ देते. कुणी मागितलं, काम पटलं, दिले, संपलं. सायकल लागते ती मला. काका गेल्याला बराच काळ झाला. त्या सगळ्या काळात ही संस्था मला माहीत होती, तिचा पत्ता माहीत होता, बँकखातं माहीत होतं, आणि मी एक रुपया दिला नव्हता, की कुणाकडे मागितला नव्हता. सायकल आली तेव्हा मी मागायला लागले. लोकांकडे पैसे मागणं हे मला कुठल्याही चढापेक्षा जड जातं. तोंड कोरडं पडतं, वाक्यं आधी मनात म्हणून बघावी लागतात. "मी अमुक इतकं चालवणार आहे" असं म्हटलं की तेच सोपं होतं, जणू मी फुकट मागत नाही, काहीतरी मोबदला देते आहे. तो मोबदला खोटा आहे. देणाऱ्याला माझ्या किलोमीटरांचं काही करता येत नाही. पण खोट्या मोबदल्याशिवाय माझं तोंड उघडलं नसतं, हे खरं आहे. कुणी देणगी दिली नाही तरी मी सायकल चालवेन का, याचं उत्तर मला सहज देता येतं. सायकल नसती तर मी दिलं असतं का, तिथे माझी पंचाईत होते.

मावशीला हे मी फोनवर, जमेल तसं सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे तुलाच हवी आहे ती सायकल. मग तसं म्हण की!" आणि शिवाय, काकांना सायकलवरून पडून लागलेलं होतं लग्नाच्या आधी, हनुवटीवर खूण होती, ती मला माहीत आहे का, असं विचारलं. मला माहीत नव्हतं. पुढचा अर्धा तास आम्ही काकांच्या सायकलबद्दलच बोललो.

त्यानंतर मी संस्थेची मासिक देणगी सुरू केली आहे. किलोमीटरांशी तिचा काही संबंध नाही, मोहिमेच्या यादीत ती धरलेली नाही, आणि प्रवेशशुल्क आणि राहण्याचा खर्च मी आधीपासूनच स्वतःच भरत होते. रक्कम मोठी नाही. अर्ज भरायला दोन-तीन मिनिटं लागली. श्वास वाढला नाही, काही दुखलं नाही, आणि त्यामुळेच की काय, काहीतरी करायचं राहून गेलं आहे असं दिवसभर वाटत राहिलं. इतकं सोपं काम इतकी वर्षं का झालं नाही याचा राग यायला हवा होता. त्याऐवजी मी संध्याकाळी तास-दीड तास सायकल चालवून आले, तेव्हा बरं वाटलं. फोटोचं म्हणाल तर पावसातला अजून तसाच आहे. हसणारा लावायचा का, यावर गटात पुन्हा चर्चा झाली आणि पुन्हा मी हरले.

आता सरावातली शेवटची मोठी राइड उरली आहे, सलग दोन दिवसांची. एका दिवसात लांब जाणं वेगळं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच सॅडलवर पुन्हा बसणं वेगळं. चार दिवसांच्या मोहिमेचा खरा सराव या दुसऱ्या सकाळीच होतो. पहिली काही मिनिटं प्रत्येक जण उभ्यानंच पॅडल मारतो आणि कुणी कुणाकडे बघत नाही. त्याच्यानंतर दोन आठवडे अंतर कमी करत आणायचं, जोर तेवढाच ठेवायचा, आणि अंगात ताकद साठू द्यायची. हे दोन आठवडे फार वाईट असतात असं जाणकार सांगतात: झोप उडते, नसलेली दुखणी जाणवायला लागतात, माणूस घरच्यांवर उगाच डाफरतो. घरच्यांना मी आधीच सांगून ठेवलं आहे. मागचा टायर मधोमध सपाट झाला होता, तो बदलून घेतला. चेन मापून पाहिली, ती मोहीम काढेल. हवामानाच्या अंदाजात शनिवारी दिवसभर समोरून वारा दाखवत आहेत. मी गटावर तसं लिहिलं तर नर्सबाईंचं लगेच उत्तर: "ताई, शनिवारी मला सुट्टी आहे. पहिली पाळी माझी. ट्यूब माझ्याकडे आहेत, केळी तेवढी तुम्ही आणा."